रकाना चौदा

२ मार्च, सोमवार

दादाचा अर्ज आला. रकाना चौदा कोरा. याही वर्षी.

बाकी सगळं टापटीप. जमीन किती, त्यातली उताराची किती, कुरण किती, मेंढ्या दोनशे बारा, कोकरं वेगळी, कुंपण दुरुस्त केलं त्याची लांबी फुटांत. आकडे एकाखाली एक, पट्टी लावून लिहिल्यासारखे. आणि चौदाव्या रकान्यात काही नाही. 'अर्जदाराखेरीज हयात जवळचे नातलग – संख्या.' अर्जदार गेला तर डोंगर-अनुदान पुढे कुणाच्या नावे करायचं, एवढ्यासाठी तो रकाना. एक आकडा लिहायचा असतो.

पुढचं मला पाठ आहे. मी त्रुटीपत्र काढणार, खाली सही करणार, टपालात टाकणार. दहा-बारा दिवसांनी पत्राखालचा तुकडा भरून परत येणार. त्यावर एकच आकडा. शून्य.

अकरा वर्षं हेच चाललंय. मी त्याची सख्खी धाकटी बहीण. त्याच्यापासून बसने दोन तासांवर, अनुदान कार्यालयात, खिडकी नंबर तीनवर बसते. आणि दर वर्षी माझ्याच टेबलावर माझ्याच भावाचा कागद येतो की मला कुणी नाही.

आवकचा शिक्का मारला. ट्रेमध्ये ठेवला. पुढचा अर्ज घेतला.

४ मार्च, बुधवार

मॅडमनी सगळ्यांना आत बोलावलं. यंदापासून त्रुटीपत्रं बंद. अर्ज मशीनमध्ये भरायचे, एक जरी रकाना कोरा असला तर मशीन स्वतःच बाद करणार. बाद म्हणजे पाच वर्षं बाद. शेवटची तारीख ३१, पाच वाजेपर्यंत.

मी विचारलं, 'एखाद्याने चुकून कोरा ठेवला तर?'

'परिपत्रक गेलंय ना सगळ्यांना? मग ज्याचं त्याने बघावं. आपण काय बोट धरून फिरायचं त्यांचं?'

परिपत्रक गेलंय खरं. मीच पाठवलं. सातशे चाळीस पाकिटं चिकटवली, दोन दिवस जिभेला डिंकाची चव होती. पण परिपत्रक कोण वाचतो. मॅडम वाईट नाहीत. वरून दट्ट्या आला की त्या खाली देतात, एवढंच.

पाच वर्षं अनुदान नाही म्हणजे काय, हे या खिडकीवर बसून मला जेवढं माहीत आहे तेवढं कुणाला नसेल. आधी मेंढ्या विकतात. मग कुरण. मग घर. डोंगराच्या त्या बाजूची चार नावं माझ्याच हाताने यादीतून गेली आहेत. आता तिथे पत्रे उचकटलेले गोठे आहेत, असं मोजणीवाला सांगतो.

५ मार्च, गुरुवार

त्याचा अर्ज ट्रेमध्ये सगळ्यात खाली सरकवला. त्याने काही होत नाही, माहीत आहे.

६ मार्च, शुक्रवार

साधं, घरचं पत्र लिहावं म्हणून बसले. दादाकडे फोन नाही, त्या बाजूला रेंजही नाही. 'प्रिय दादा' लिहिलं आणि अडले. इतक्या वर्षांनी पहिलं पत्र आणि त्यात काय, तर रकाना भर? तीन कागद वाया घालवले. कागद ऑफिसचे होते, ते एक बरं.

८ मार्च, रविवार

शुक्रवारी संध्याकाळी पावाच्या दुकानात 'सुटे नाहीत' म्हणाले, त्यानंतर आत्तापर्यंत तोंडातून एक शब्द निघालेला नाही. सकाळी खाकरून पाहिलं. आवाज आहे.

खालचं दुकान रविवारी बंद. इतर दिवशी लोखंडवाली खिळे तोलते त्याचा आवाज वर येतो, तेवढीच सोबत. आज तीही नाही. दोन अंडी उकडली, एक उरलं. रेडिओवर कुणीतरी गुडघेदुखीवर बोलत होतं. सगळं ऐकून घेतलं. माझे गुडघे ठीक आहेत.

मग नको तेच आठवत बसले. सतरा वर्षं झाली. आई आजारी पडली तेव्हा कडाक्याची थंडी होती, डोंगरावरचा रस्ता कधी बंद होईल सांगता येत नव्हतं. मी गाडी केली आणि तिला शहरातल्या दवाखान्यात नेलं. दादा म्हणत होता, राहू दे तिला इथेच. आईही नको म्हणत होती. तिचे हात दाराच्या चौकटीवरून मी सोडवले. सहाव्या दिवशी ती वॉर्डातच वारली, पडद्यामागे, शेजारच्या खाटेवरची बाई खोकत होती.

चार माणसं जमलेली असताना दादा म्हणाला, 'तिला तिच्या घरात मरायचं होतं. तू तेवढंही ठेवलं नाहीस.' मीही तोंडाची फटकळ. म्हटलं, 'तुझ्याकडे ठेवली असती तर दोनच दिवसांत गेली असती.' सगळ्यांसमोर म्हटलं. पुढच्या वर्षी मी त्याला पत्र लिहिलं. उत्तर आलं नाही. तिथून पुढे मी त्याला फक्त कार्यालयाच्या कागदावर लिहिलंय.

मला त्याची आठवण येते. हे इथे लिहायला काय हरकत आहे, इथे कोण वाचतंय.

१० मार्च, मंगळवार

मोजणीवाला डोंगराकडून आला. टेप घेऊन जमिनी मोजायच्या, मेंढ्यांची डोकी मोजायची, हे त्याचं काम. त्याची बडबड ऐकायला मी वर्षभर वाट बघते. एकट्या दादाचं विचारलं तर संशय येईल, म्हणून त्या कड्यावरच्या सगळ्या घरांचं विचारते. खालच्या घरची म्हातारी कशी आहे, पुलाजवळच्याने गोठा बांधला का, आणि मग शिक्के मारत, मान खाली घालून, 'आणि तो वरचा?'

'वरचा ना? दोनशे बारा. एक कमी नाही, एक जास्त नाही. ताई, तो माणूस प्रत्येक मेंढीची कुंडली सांगतो. मी म्हटलं, अहो, एवढे हिशोबी तुम्ही, मग तो चौदावा रकाना दर वर्षी का हो विसरता? तर म्हणतो, विसरत नाही. ऑफिसातून पत्र येतं ना, ते आलं की भरतो.'

माझ्या हातातला शिक्का तिरपा पडला.

११ मार्च, बुधवार

तो मुद्दाम कोरा ठेवतो. पत्र यावं म्हणून!

काल मला सुचलं कसं नाही. बाकीच्यांच्या त्रुटीपत्रांवर मी सहीचा शिक्का मारते. दादाच्या पत्रावर मात्र शाईने सही करते, दर वर्षी, अकरा वर्षं. कुणी विचारलं असतं तर म्हटलं असतं, शिक्का सापडला नाही. त्याने सही ओळखलीच असणार. सही करायला मला शिकवली कुणी? त्यानेच, स्वयंपाकघरातल्या टेबलावर, मी दहा वर्षांची असताना. म्हणाला होता, शेवटी एक फराटा मार म्हणजे कुणी नक्कल करणार नाही.

मग शून्य का लिहितो? तर तो हट्ट. आमच्या घरात हट्टाला कधी तोटा नव्हता.

जिना चढताना गुणगुणत होते बहुतेक. लोखंडवालीने खालून विचारलं, 'काय, लॉटरी लागली?' मी म्हटलं, 'तिकीटच काढत नाही मी.' वर आल्यावर आरशात बघितलं. सत्तावन्न वर्षांची बाई, गाल लाल. वेडीच आहे.

१३ मार्च, शुक्रवार

आनंद दोन दिवस टिकला. यंदा पत्र जाणार नाही. तो पत्राची वाट बघत बसेल आणि ३१ तारीख निघून जाईल.

सगळे जेवायला गेले तेव्हा त्याचा अर्ज काढला. एक शून्य लिहायला किती वेळ लागतो. शाई तशीच, काळी. दोनदा पेन टेकवलं. ही फसवणूक आहे हे तर झालंच, पण अकरा वर्षं तो स्वतः लिहीत आलाय ते मी माझ्या हाताने लिहू? मला कुणी नाही, आणि तेही मीच लिहायचं?

पेन बंद केलं. डबा तसाच परत आणला.

१७ मार्च, मंगळवार

मॅडमनी आठवण करून दिली – कर्मचाऱ्यांची प्रतिज्ञापत्रं या वर्षी तपासणीला जाणार आहेत. 'काही बदल असेल तर आत्ताच सांगा.' कुणी काही बोललं नाही. मीही नाही.

माझं प्रतिज्ञापत्र अकरा वर्षांपूर्वीचं. 'माझा कोणीही जवळचा नातलग या कार्यालयाचा लाभार्थी नाही.' तेव्हा माझे यजमान जाऊन चार महिने झाले होते. या गावात नवीन होते, खोलीचं भाडं द्यायचं होतं आणि जागा एकच होती, डोंगर-अनुदानाची. नातलग असलेल्याला त्या जागेवर घेत नाहीत. गरज होती म्हणून सही केली, हे खरं. पण सही करताना मला बरं वाटलं होतं, हेही खरं. त्याने पत्राचं उत्तर दिलं नाही ना, मग घे. आडनाव सासरचं, त्यामुळे कुणाला शंका आली नाही. पहिल्या मार्चात त्याचं शून्य आलं तेव्हा वाटलं, फिटंफाट झाली.

निवृत्तीला तीन वर्षं राहिलीत. हे बाहेर आलं तर नोकरी जाईल, निवृत्तिवेतनाचंही काय होईल देव जाणे.

१९ मार्च, गुरुवार

मोजणीवाला म्हणाला, 'ताई, तो वरचा यंदा बाद होणार बघा. जाऊन सांगू का त्याला?'

किती सोपं होतं. हो म्हणायचं. मी म्हटलं, 'नको, मी बघते.' त्याने भुवया वर केल्या. मी कुणाचं कधी बघत नाही, हे साऱ्या ऑफिसला माहीत आहे.

२१ मार्च, शनिवार

अर्ज पिशवीत घालून घरी आणला. असा कागद बाहेर न्यायचा नसतो. उद्या सकाळी आठची बस. कुठला कोट घालायचा यात तासभर गेला, जसे काही माझ्याकडे दहा आहेत.

२३ मार्च, सोमवार

कालचं आज लिहितेय. काल लिहिणं झालंच नाही.

फाट्यावर उतरून पाऊण तास चढ. पूर्वी वीस मिनिटांत जायचे. ओळखीचं कुत्रं असणार नव्हतं, तरी अनोळखी भुंकलं तेव्हा वाईट वाटलं. दादा अंगणात एका मेंढीला गुडघ्यांत धरून तिचे खूर कापत होता. पाठ वाकलीय. केस सगळे गेले.

'कोण पाहिजे?' मान वर न करता म्हणाला. मग वर बघितलं. मेंढी तशीच धरून बराच वेळ बघत राहिला.

'तू जिवंत आहेस,' म्हणाला.

मी म्हटलं, 'हो. का?' बसमध्ये दोन तास काय काय बोलायचं ठरवलं होतं, आणि तोंडातून हे निघालं.

त्याने उरलेले दोन खूर कापले, मेंढी सोडली, हात धुतले. घरात दोन खुर्च्या. एकीवर खाद्याचं पोतं होतं, ते खाली उतरवून खुर्ची मला दिली. चहा केला. साखर किती ते विचारलं. हे त्याला विचारावं लागलं.

मी सगळं सांगितलं. नवा नियम, मशीन, ३१ तारीख. 'यंदा माझं पत्र यायचं नाही, म्हणून आले.'

'तुझं पत्र?'

'ती त्रुटीपत्रं माझीच असतात, दादा. खाली सही असते ना.'

तो उठला. एका पत्र्याच्या डब्यातून अकरा पत्रं काढली, वर्षवार लावलेली. चष्मा लावला, एकेक बघितलं. 'ही सही? मला वाटलं कुणी साहेब असेल. घाईत असलेला.' मग माझ्याकडे बघून, 'तू तिथे असतेस?'

त्याला माहीतच नव्हतं. दहा दिवस मी कशावर जगत होते, गाणी काय म्हणत होते. मला इतकी लाज वाटली की चहा खाली ठेवला.

'मग रकाना कोरा का ठेवतोस?'

त्याने पत्रं पुन्हा डब्यात ठेवली. मग हळूहळू बोलला, मध्ये मध्ये थांबत. माझं पत्र त्याला मिळालं होतं. उत्तराला बसला की राग यायचा. राग गेला तोवर इतका उशीर झाला की लाज वाटायला लागली. सहाव्या वर्षी लिहिलं, माझ्या जुन्या पत्त्यावर. पाकीट परत आलं – इथे राहत नाहीत. कुठे गेले ते कुणी लिहिलं नव्हतं. 'त्या रकान्यात हयात असं म्हटलंय. तू हयात आहेस की नाहीस, मला कुठे ठाऊक होतं? एक लिहावं तर कशाच्या जोरावर लिहू. आणि शून्य लिहायला हात धजत नव्हता. म्हणून सोडून द्यायचो. मग ऑफिसचा तगादा यायचा. मग लिहायचो.' आणि जरा वेळाने, 'त्या दिवशी माझ्याकडून काही काम व्हायचं नाही.'

तगादा म्हणजे मी. अकरा वर्षं दर मार्चात मी त्याच्याकडून लिहून घेत होते की मी मेले. वर शाईने सही करून.

मी रडले. तो खिडकीबाहेर बघत बसला. मग अर्ज पुढे ओढून म्हणाला, 'आता सोपं आहे. आहेस. एक.' आणि पेन उचललं.

आणि मी काय केलं? मी म्हटलं, 'थांब.'

प्रतिज्ञापत्राचं सांगितलं. त्याने एक लिहिला तर खाली माझं नाव द्यावं लागेल, माझं खोटं उघड होईल, नोकरी जाईल, तीन वर्षं राहिलीत. तो ऐकत होता. मग म्हणाला, 'म्हणजे तूही लिहून दिलंयस. कुणी नाही म्हणून.'

'हो.'

'मी हयात आहे हे माहीत असून.'

'हो.'

ओरडला असता तर बरं झालं असतं. त्याने मान हलवली, रकान्यात नीट गोल शून्य काढलं, शाई वाळेपर्यंत थांबला आणि कागद माझ्याकडे सरकवला. 'घे. तुझी नोकरी राहू दे.'

आईची खोली बंद होती. दोघांनीही तिचं नाव काढलं नाही. साडेतीनची बस चुकेल म्हणाला, फाटकापर्यंत आला. पुन्हा ये, असं म्हणाला नाही. मीही येते म्हणाले नाही.

२४ मार्च, मंगळवार

अर्ज पूर्ण आहे. मशीन घेईल. त्याच्या मेंढ्या राहतील, माझी नोकरी राहील, कुणाचं काही बिघडलं नाही. सगळं सुटलं.

अजून भरलेला नाही मशीनमध्ये.

२५ मार्च, बुधवार

आज सव्वीस अर्ज भरले. सत्ताविसावा त्याचा होता. पुन्हा ट्रेच्या तळाशी.

२६ मार्च, गुरुवार

आधीची अकरा शून्यं त्याने न कळून लिहिली. बारावं मी समोर बसून, नाक पुसत, लिहायला लावलं. नोकरी म्हणजे तरी काय माझी? एक खिडकी, एक ट्रे, आणि संध्याकाळी या खोलीत येऊन उरलेलं अंडं खायचं. याच्यासाठी मी त्याचा हात धरला.

२७ मार्च, शुक्रवार

मॅडमकडे गेले. दार लावून घेतलं. म्हटलं, माझ्या प्रतिज्ञापत्रात बदल आहे. सांगितलं सगळं, अर्ज घरी नेला तेसुद्धा.

मॅडमनी चष्मा काढला. 'बाई, हे मला पुढच्या आठवड्यात सांगितलं असतं तरी चाललं असतं हो.' मग कपाळाला हात लावून, 'किंवा सांगितलंच नसतं तरी.'

मी म्हटलं, मला चाललं नसतं.

'आता मला वर लिहावं लागेल.' लिहिलं त्यांनी, माझ्यासमोर. सोमवारपासून यायचं नाही. चौकशी होईल, निवृत्तिवेतनाचं चौकशीनंतर. आणि तो अर्ज – शून्य खोटं आहे हे आता कार्यालयाला माहीत झालं, म्हणून तसा भरता येणार नाही. अर्जदाराने स्वतः खोडून, शेजारी सही करून द्यायला हवं. ३१ला पाचच्या आत. नाहीतर बाद.

'मी नेते,' मी म्हटलं.

'तुम्ही? तुम्ही आता त्या कागदाला हातही लावायचा नाही.'

मोजणीवाला नेणार. त्याची जीप गॅरेजमध्ये आहे, सोमवारी संध्याकाळी मिळेल. म्हणजे मंगळवारी जाणार आणि मंगळवारीच परत यायचं. दादाला मी लिहायला लावलं, आता तेच खोडायला कुणीतरी परका माणूस जाणार. तो म्हणेल, एकदा शून्य, एकदा एक, तुमच्या ऑफिसने माझी थट्टा चालवलीय का. नाही खोडणार. मी ओळखते त्याला. आणि नाही खोडलं तर मी माझी नोकरीही घालवली आणि त्याचा डोंगरही.

खणातून माझं सामान घेतलं. एक कप, एक स्वेटर, हातमलम. पिशवी अर्धीसुद्धा भरली नाही.

२९ मार्च, रविवार

काही नाही.

३० मार्च, सोमवार

सवयीने आठला तयार होऊन जिन्यात उतरले, मग आठवलं. लोखंडवालीने विचारलं, 'आज उशीर?'

'काढलं मला.'

'चोरी केली?'

'खोटं लिहून दिलं होतं.'

तिने जरा विचार केला. 'मग इथे बसा. स्क्रू सगळे मिसळलेत, निवडून द्या. लिहायचं काही नाही त्यात.' दुपारपर्यंत बसले. आकारानुसार सहा डबे लावले. या खोलीत राहून आठ वर्षं झाली, तरी तिच्याबद्दल मला एवढंच माहीत होतं की ती पायऱ्या धुते. तिला दोन मुलगे आहेत आणि दोघंही फोन उचलत नाहीत.

३१ मार्च, मंगळवार

साडेचारला राहवलं नाही. ऑफिससमोरच्या फुटपाथवर जाऊन उभी राहिले. अकरा वर्षांत ती इमारत बाहेरून कधी बघितलीच नव्हती. खिडकी तीनवर नवीन मुलगी, चुकीचा शिक्का हातात घेऊन.

पावणेपाच झाले. जीप नाही. पहारेकऱ्याने विचारलं, 'आत यायचंय का बाई?' मला ओळखतो तो. तरी विचारलं. नको म्हटलं.

पाचला दहा कमी असताना मी निघाले. पाच वाजताना तिथे उभी राहून बघायची हिंमत नव्हती.

१ एप्रिल, बुधवार

मोजणीवाला दुकानात आला. पाचला सात मिनिटं असताना पोचला होता. शून्य खोडलेलं, शेजारी सही, आणि एक.

पण एक लिहिला की खाली आणखी तीन ओळी भराव्या लागतात. शून्यवाल्यांना त्या लागत नाहीत, म्हणून दादाच्या अर्जात मी त्या कधी भरलेल्या बघितल्या नव्हत्या. नाव – माझं. नातं – बहीण. पत्ता – वरीलप्रमाणे.

'मी म्हटलं त्याला, अहो, वरीलप्रमाणे म्हणजे तुमच्याच घरी. ताई तर इथे राहत नाहीत,' मोजणीवाला म्हणाला. 'तर म्हणतो, लिहिलंय तसं न्या.' मग टोपी हातात फिरवत म्हणाला, 'आता पत्त्याची पडताळणी आली ना. सोमवारी जायचंय मला. असाल ना तिथे?'

असेन म्हणाले. लोखंडवालीकडून दोन रिकामी खोकी मागून घेतली.